अण्णांची पुडी

अण्णा, मी फार्मासिस्ट झाले. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "बरं. मग आता काय, बँड लावायचा?" बँड लावला नाही. पेढेसुद्धा वाटले नाहीत. दमलेय हो. चाळिशी उलटल्यावर कुणी कॉलेजात जाऊ नये, एवढं एकच ज्ञान दोन वर्षांत पक्कं झालंय. आत्ता दुपारची वेळ आहे. तुमचा धाकटा जेवायला घरी गेलाय, मी दुकानाचं अर्धं शटर ओढून तुमच्या उंच स्टुलावर बसलेय आणि कुठल्याशा कंपनीच्या फुकट मिळालेल्या पॅडवर हे लिहितेय. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, पण बोलायला दुसरं कुणी उरलेलं नाही. धाकट्याशी तर या विषयावर अजिबात बोलता येत नाही.

तुमच्या वेळी दुकानाच्या भिंतीवर ज्यांचं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट होतं ते काका तुमच्यामागेही तसेच भिंतीवर होते. दुकानात ते मला आयुष्यात दोनदा दिसले असतील. मग मध्यंतरी तपासण्या कडक झाल्या आणि काकांनी हात वर केले, "आता मला या भानगडीत ठेवू नका" म्हणाले. धाकटा माझ्याकडे कर्वेनगरला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, मी बारावी कॉमर्सचा. तू सायन्सची आहेस. तूच फार्मसीचा डिप्लोमा कर, नाहीतर दुकान गेलं." अण्णा, गंमत बघा. माझी बीएस्सी केमिस्ट्री, तीही पहिल्या वर्गात. ती कुणालाच नको होती. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी पदवी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "हे राहू द्या. बारावीचं आणलंय का?" पदवीची तीन वर्षं पाण्यात. तेव्हा मला तुमची आठवण झाली, पण चांगली नाही. बारावीनंतर मी फार्मसीला जाते म्हटलं होतं तेव्हा तुम्ही पोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाला होतात, "दुकानाला सर्टिफिकेट आहे की. मुलीनं काय गल्ल्यावर बसायचंय?" आई वाढायची थांबली होती. मी बीएस्सीला नाव घातलं. बीएस्सीच्या निकालाला मात्र तुम्ही मला पांढरा कोट आणून दिलात, औषध कंपनीच्या एमआरनं दिलेला, खिशावर खोकल्याच्या औषधाचं नाव छापलेला. "फुकट मिळालाय, वाया कशाला घालवायचा," म्हणालात. तोच घालून मी या वयात प्रॅक्टिकलला गेले आणि अख्खी बॅच खोकायला लागली.

कॉलेज लोणी काळभोरला. कर्वेनगरहून स्वारगेट, तिथून हडपसर, तिथून पुढची बस. जाताना पाय दुखायचे आणि येताना डोकं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा काय हशा पिकला! मग महिन्याभरात "काकू, जर्नलचे फोटो टाका ना ग्रुपवर, प्लीज," सुरू झालं. पोरं वाईट नव्हती. माझा डबा खायची, आकृत्या काढून द्यायची. पण माझ्या डोक्यात आता काही राहत नाही हो. रात्री पाठ केलेलं सकाळी भाजी चिरताना उडून जायचं. नवरा म्हणायचा, "सोड ना, दुकान भाड्यानं देऊन टाका." मीही सोडलंच असतं. कितीदा तरी हडपसरला उतरून उलट्या बसमध्ये बसावंसं वाटलं. मग ती बारीक पांढरी गोळी शिकवायला घेतली आणि सोडण्याचा विषयच संपला.

तुमची पुडी, अण्णा. सगळं मार्केट यार्ड ओळखायचं तिला. पहाटेपासून पोती उचलून पाठ धरलेले हमाल काउंटरला टेकायचे आणि म्हणायचे, "अण्णा, पुडी." तुम्ही काही विचारायचा नाहीत. वर्तमानपत्राचा चौकोन, त्यात चार गोळ्या. एक दुखण्याची, एक पित्ताची, एक ताकदीची आणि एक ती बारीक पांढरी. तासाभरात माणूस पुन्हा पोत्याखाली. तुम्हाला लोक डॉक्टर म्हणायचे आणि तुम्ही कधीच "मी डॉक्टर नाही" म्हणाला नाहीत, फक्त जरा जास्तच नीट बसायचात. शाळेतून आल्यावर कागदाचे चौकोन मी फाडून ठेवायचे. "अण्णांच्या हाताला गुण आहे" हे ऐकत मी वाढले. मला अभिमान होता हो तुमचा. खोटं कशाला सांगू, अजूनही तो पुरता गेलेला नाही, हीच तर पंचाईत आहे.

आमचे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. फळ्याकडे तोंड करून सांगत होते, ही स्टेरॉइडची गोळी वर्षानुवर्षं पोटात गेली तर काय होतं. चेहरा वाटोळा होतो. कातडी कागदासारखी पातळ होते, नुसतं घासलं तरी काळंनिळं पडतं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. "आपल्याकडे काही दुकानदार सर्रास देतात," सर म्हणाले. पोरांनी लिहून घेतलं. मला समोर फळा दिसेना, मामा दिसायला लागले. यार्डातले हमाल, आपले मामा, ज्यांनी मला पाठुंगळी मारून गुळाच्या ढेपांमधून फिरवलं. त्यांचा तो वाटोळा चेहरा. तुम्हीच हसायचात ना, "मामांना यार्डातला गूळ मानवलाय" म्हणून? आम्ही सगळेच हसायचो. मामांच्या हातावरचे काळे डाग म्हणजे पोत्यांच्या हुकाचे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला तुमचा इतका राग आला की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हो, बरं वाटत नाहीये का?" तुम्हाला माहीत होतं का, अण्णा? की कुणा एमआरनं सांगितलं "झटकन आराम पडतो" आणि तुम्ही तेवढंच ऐकलंत? दोन्हीपैकी कुठलं बरं, हेही मला ठरवता येत नाही.

घरी येऊन धाकट्याला फोनवर म्हटलं, पुडी बंद कर. तुम्ही गेल्यावर त्यानं ती तशीच चालू ठेवलीय. तुमच्याच हाताखाली शिकला, तो तरी दुसरं काय करणार? तो म्हणाला, "ताई, आपण बंद केली तर चार पावलांवर दुसरं दुकान आहे. तुझं सर्टिफिकेट लागू दे, मग तू म्हणशील तसं." बरं म्हटलं. दुसरं वर्ष काढलं. मग दवाखान्यातलं ट्रेनिंग, तिथे माझ्या निम्म्या वयाच्या मुलाकडून "मॅडम, जरा फास्ट" असं ऐकून घेतलं. परीक्षा, नोंदणी, खेटे. गेल्या महिन्यात सर्टिफिकेट लागलं. मी पहिल्याच दिवशी पुडी बंद म्हणून जाहीर केलं आणि दहा मिनिटांत मामा काउंटरला येऊन टेकले. आता साठी ओलांडलीय, तरी हलकी पोती उचलतातच.

"पोरी, पुडी दे."

"मामा, ती बंद केली. चांगली नसते ती."

"चांगली न्हाई? तुझ्या बापानं दिलेली हाय ती."

आणि अण्णा, मला नाही म्हणता येईना. लाजेनं नव्हे, शिकल्यामुळे. सरांनी शेवटी सांगितलं होतं, इतकी वर्षं घेणाऱ्याची ही गोळी एका झटक्यात बंद करायची नाही. बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं विसरतं, एकदम तोडलं तर माणूस कोसळेल. हळूहळू उतरवायची, आणि तीही डॉक्टरच्या हाताखाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! इतके हाल काढून मी सर्टिफिकेट मिळवलं आणि पहिलं काम काय केलं, तर मामांना तीच गोळी दिली, बाकीच्या तीन काढून टाकल्या, आणि म्हटलं, "दोन दिवसांनी माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. नाहीतर आयुष्यात तुमच्याशी बोलणार नाही." मामा म्हणाले, "डाक्टर कशाला? तू हाईस की." पण आले. धुतलेली टोपी घालून आले.

महापालिकेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मामांची कातडी दोन बोटांत धरून पाहिली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं. विचारलं, "किती दिवस घेताय ही गोळी?" मामा म्हणाले, "दोन म्हयनं झालं." मी चाटच पडले. "कुठून आणता?" "गावाकडनं." म्हातारा तुमचं नाव वाचवत होता, अण्णा! पण दोन महिने धरून बाईंनी गोळी भराभर उतरवली असती तर मामांचं काही खरं नव्हतं. बाई लिहायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, दोन महिने नाही. पंधरा वर्षं होतील. जवळजवळ रोज." त्यांनी पेन थांबवलं. "तुम्ही कोण?" "मी फार्मासिस्ट." पहिल्यांदाच हा शब्द मी स्वतःसाठी मोठ्यानं वापरला. "मग पंधरा वर्षं दिली कुणी?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. आमच्याच दुकानातून."

मामांनी मान खाली घातली. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमच्या वडिलांनी या माणसाची हाडं खाल्ली, कळतंय का तुम्हाला?" कळतंय म्हटलं. रडू आलं, ते आवरलं. मग त्यांनी विचारलं, "कुठे आहेत ते आता?" वारले म्हटलं. "कधी?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं की हा प्रश्न येणार. दहा वर्षांपूर्वी म्हटलं तर पुढचा प्रश्न सरळ होता, मग नंतर कोण देत होतं? आणि त्याचं उत्तर त्या वेळी गल्ल्यावर बसलेलं होतं, दोन लहान पोरांचा बाप. मी म्हटलं, "गेल्या दिवाळीत."

अण्णा, तुमच्या तिरडीला मामांनी खांदा दिलेला आहे. वैकुंठ स्मशानभूमीपर्यंत कुणाला बदलू दिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि बाईंना म्हणाले, "व्हय. दिवाळीतच. लई अचानक गेलं. त्यांच्याच पुड्या उरल्यात, त्याच खातोय." बाईंनी पंधरा वर्षं असं लिहिलं, गोळी किती महिन्यांत कशी उतरवायची ते मला समजावून सांगितलं, तपासण्या लिहून दिल्या, आणि तो विषय तिथेच संपला. मेलेल्या माणसाला कोण काय करणार. बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "बापाचं नाव सांगाया नको व्हतंस," आणि रिक्षात जाऊन बसले.

दुकानात पुडी आता खरंच बंद आहे. जुने येणारे मी एकेक करून दवाखान्यात पाठवतेय. निम्मे जातात, निम्मे त्या दुसऱ्या दुकानात. धाकटा तोंड फुगवून आहे. त्याच्या दहा वर्षांच्या पुड्यासुद्धा मी तुमच्या माथी मारल्या, हे त्याला ठाऊक नाही आणि मी सांगणार नाही. त्याबद्दल तुमची माफीही मागत नाही. तुम्ही त्या सोसाल.

फक्त एक सांगायचं राहिलं. "गेल्या दिवाळीत" म्हणाले ना, तेव्हा डोळ्यासमोर तुम्ही आलात, म्हातारे झालेले, याच स्टुलावर, नातवंडांवर खेकसत. एवढा राग डोक्यात असताना मला ते खोटं बोलताना बरं वाटलं, अण्णा.