दिवा लुकलुकत नव्हता

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकली असशील. गेले दोन महिने फोनवर मी नुसतं हवापाण्याचं बोलतो आणि घाईत ठेवून देतो, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पाकिटात काडेपेटीएवढी एक कॅसेट आहे, घरच्या कॅमेऱ्यात चालते ती. पण आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग ती लाव.

मागच्या खेपेला तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा भाचीने जेवताना विचारलं, "मामा, बाबांना लाल दिवा दिसला नाही का?" मी म्हटलं, "आधी भात संपव." कारखान्याच्या पत्रात तेच लिहिलंय ना, की टाकीत वायू असल्याचा दिवा लागलेला असताना ते साफसफाईला आत शिरले आणि जीव गमावला, चूक त्यांचीच. घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस! मेहुण्यांना तिथे चिकटवलं मी. त्यांचं नाव असं खराब झालेलं तू ऐकून घेतलंस, आणि मीही.

कारखान्यात माझ्या खोलीतल्या टीव्हीवर टाकीचं दार दिसतं, आणि त्याची टेप होते. त्या दिवसाची टेप कपाटात होती. गेल्या आठवड्यात मोठे साहेब सहज आल्यासारखे आले. म्हणाले, "जुन्या टेपा सोमवारी पुसायला द्या. तुम्ही आपले आहात म्हणून सांगतो." मग दारात थांबून म्हणाले, "तुमच्याकडे कॅमेरा आहे म्हणे?" मी म्हटलं, "आहे, स्टोअरवाल्या काकांच्या निरोप समारंभाला आणणार आहे." ते हसले. तेव्हापासून गेटवर माझा डबासुद्धा उघडून बघतात. टेप बाहेर नेणं शक्य नव्हतं, आणि दुसरीवर उतरवायला तिथे यंत्र नाही. उरलं एकच. टेप लावायची आणि टीव्हीचंच चित्रण करायचं.

समारंभाच्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा दार लावून केलं. पहिल्यांदा फुकट गेलं. पडद्यावर काळे पट्टे वर सरकत होते आणि सगळं चित्र थरथरत होतं. दिव्याच्या काचेवर खिडकीचा उजेड पडतो. पट्टा आला की काच काळी, गेला की चकाकती. बघणारा कोणीही म्हणाला असता, दिवा लुकलुकतोय. साहेबांच्या वकिलाला तेवढं पुरे होतं.

मग डोकं शांत ठेवून बसलो. आपला टीव्ही सेकंदाला पन्नासदा चित्र रंगवतो. कॅमेरा आपल्या मर्जीने त्याहून झटपट डोळा मिटत होता, म्हणून त्याला अर्धवटच चित्र मिळत होतं. कॅमेऱ्याचं आपोआप चालणं बंद केलं, शटरचा आकडा पन्नासावर आणला, ट्यूबलाइट घालवली. टीव्हीच्या काचेतलं माझं प्रतिबिंबही गेलं. कॅमेरा पुस्तकांच्या ढिगावर टेकवला आणि हात काढून घेतला. पट्टे थांबले. जिन्यात पावलं वाजत होती, दाराची कडीही एकदा हलली. मी श्वास रोखून टेप पूर्ण होऊ दिली. कॅसेट चष्म्याच्या घरात घालून बाहेर आणली.

तुला दिसेल ते सांगतो. मेहुणे दारापाशी येतात. थांबतात. मान वर करून दिव्याकडे नीट बघतात. दिवा बंद आहे. टोपी सारखी करतात, पुन्हा एकदा वर बघतात, आणि आत जातात. त्यानंतर चार सेकंदांनी दिवा लागतो. भाचीला हे दाखवू नकोस, नुसतं सांग. म्हणावं, बाबांनी दोनदा बघितलं होतं.

आता जे फोनवर जमलं नाही ते. त्या दिवशी पाहुणे कारखाना बघायला आले होते. साहेब म्हणाले, त्यांच्यासमोर लाल दिवा बरा दिसत नाही, दहा मिनिटं घालवा. त्या दिव्याचं बटण माझ्या टेबलावर आहे. मी घालवला, आणि पाहुण्यांचा चहा लांबला तसा विसरलो. मेहुणे आत जाताना मला टीव्हीवर दिसले. धोक्याच्या घंटेचं बटण दिव्याच्या शेजारीच आहे. ती ऐकून ते मागे फिरले असते. माझा हात आधी दिव्याकडे गेला, आपल्यावर येऊ नये म्हणून. घंटा मी नंतर वाजवली. ही कॅसेट तुझ्या वकिलांना दे. ते विचारतील, दिवा कोणी लावला. तेव्हा हे पत्रही त्यांच्यापुढे ठेव. भाऊ म्हणून मागे घेऊ नकोस.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क ज्याने गमावला, तो तुझा
दादा