नसलेला ब्रेक

पार्सिपनी, न्यू जर्सी
१४ मार्च २००४

ती. सौ. पद्मिनीताईंना मीनाक्षीचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. हे फोनवर बोलता आलं नसतं. तुमचा फोन आला की तुमचे बंधू शेजारी येऊन उभे राहतात आणि 'बाकी सगळं ठीक' म्हणून रिसीव्हर ठेवून देतात. बाकी सगळं ठीक नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या लेकीने, कादंबरीने, नोकरी सोडली. औषध कंपनीतली, कॉम्प्युटरची, बसल्या जागी पगार देणारी. आता ती वैमानिक होणार आहे. कॉलेजात असताना गंमत म्हणून विमान शिकायला जायची, तेव्हा आम्हाला वाटलं, भरतनाट्यम सुटलं तसं हेही सुटेल. सुटली ती नोकरी.

मला आधी वाटलं, आपण बसून येतो तसली मोठी विमानं. तर तसं नाही. इकडे बड्या कंपन्यांची स्वतःची छोटी जेट विमानं असतात, साहेब लोकांना सकाळी शिकागोला मीटिंगला नेणारी आणि रात्री जेवायला घरी आणणारी. तिला ती चालवायची आहेत. त्याची वाट भलतीच लांब आहे. आधी खासगी लायसन, मग ढगात शिरून नुसत्या यंत्रांकडे बघत उडवायची परीक्षा, मग धंद्याचं लायसन, मग दुसऱ्यांना शिकवायचं. पुढे शिकवत शिकवत शेकडो तास हवेत काढायचे आणि मग कोणाच्या तरी ओळखीने अशी नोकरी मिळते. हे सगळं ऐकून तुमचे बंधू म्हणाले की इंजिनिअरिंगपेक्षा जास्त शिकायचं आणि शेवटी व्हायचं ड्रायव्हर. त्यावर ती ताटावरून उठली. तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतात. मी दुभाषी झाले आहे, तेही दोघांना मराठी येत असताना.

तुम्हाला आठवत असेल, तिला गाडी यांनीच शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक असा दाबायचे की पायाखालची रबरी मॅट फाटली. प्रत्येक सिग्नलला आरडाओरडा. पोरगी रडत घरी यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली घेऊन दारात उभी. हट्टाला दोघं सारखीच, आणि हा गुण आमच्याकडचा नाही, तुमच्या माहेरचा आहे.

ताई, पोरीचा चेहरा बघवत नाही. बापाचा एक होकार मिळाला असता तर ती निम्मी वाट हसत चालली असती. यांना जगात दोघांचीच भीती वाटते, इन्कम टॅक्सवाल्यांची आणि तुमची. तेव्हा यांना चार ओळी लिहाच.

तुमची माया समुद्र ओलांडून येते, तशीच येत राहो.
तुमची मीनाक्षी


नागपूर
११ एप्रिल २००४

चि. सौ. मीनाक्षीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अरुणला वेगळं पत्र घातलं आहे. त्यात विचारलं आहे की पेपर न तपासता नापास करणारा तू कोण विद्यापीठ लागून गेलास? आधी त्या विमानात जाऊन बस, मग काय ते बोल. आणि ड्रायव्हर म्हणायचंच असेल तर कृष्णानेही रथच हाकला होता, मागे बसलेल्या अर्जुनाला त्यात कमीपणा वाटला नाही.

त्याच्यावर एकदम परिणाम होईल अशी आशा धरू नकोस. लहानपणी एरंडेल द्यायचं तरी आधी तो बाटलीवरचं सगळं वाचायचा. पण मोठ्या बहिणीचं म्हणणं तो विसरत नाही, फक्त उशिरा ऐकतो.

कादंबरीला सांग, आत्या तिच्या बाजूची आहे. मला स्वतःला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी गरगरतं, ते मात्र तिला सांगू नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्राला उत्तर आलं की वाढतील.
पद्मिनीताई


पार्सिपनी
८ ऑक्टोबर २००६

ती. ताईंना सा. न. वि. वि.

तुमच्या एरंडेलाला अडीच वर्षांनी गुण आला.

कादंबरी आता घरापासून वीस मिनिटांवरच्या छोट्या विमानतळावर शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. जितके विद्यार्थी तितके तिचे उडण्याचे तास, आणि तासांवर पुढची नोकरी. तर गेल्या महिन्यात विद्यार्थीच आटले. एक कॅलिफोर्नियाला गेला, एकाला जुळं झालं, आणि एकाला हवेत गेल्यावर कळलं की त्याला उंचीची भीती वाटते. एका संध्याकाळी ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती की असंच चाललं तर दिवाळीनंतर जुन्या ऑफिसात परत जाईल. हे शेजारी बसून पेपर वाचत होते. पान काही उलटलं नाही.

शनिवारी सकाळी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पासपोर्ट खिशात टाकला आणि निघाले. दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर इकडे विमान शिकायला नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. काउंटरवर जाऊन यांनी विद्यार्थी म्हणून नाव घातलं, वयाप्रमाणे काही सवलत आहे का तेही विचारलं. मला सांगितलं की ताईने बसून बघायला सांगितलं होतं, म्हणून फक्त तपासणी करतो आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी यांनी त्यासाठी डॉक्टरचा दाखलासुद्धा मिळवला.

आता दर शनिवारी-रविवारी तपासणी चालते. लेक म्हणते हे बटण दाबा, तर हे विचारतात का. टॉवरशी रेडिओवर दोन शब्दांत बोलायचं असतं, तर हे आधी गुड मॉर्निंग म्हणून स्वतःचं नाव सांगतात आणि समोरच्याची चौकशी करतात. सगळ्यात कहर म्हणजे ब्रेक. या विमानात तो खरोखरच पायाखाली, पेडलच्या वरच्या टोकाला असतो, टाच उचलली की दाबला जातो. परवा यांनी चाकं टेकायच्या आधीच तो दाबून धरला आणि टायर फुटला. कादंबरीने विमान सरळ ठेवलं, बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाली की बाबा, टाचा जमिनीवर. आवाज तसूभर चढला नाही. मी तिला विचारलं, तुला हे जमतं कसं? म्हणाली, आई, कसं शिकवायचं नाही ते मी सतराव्या वर्षीच शिकले.

घरात आता मीठ थेट मागितलं जातं. मला नोकरीवरून काढल्यासारखं वाटतं आहे.

नवरात्रात तुमची आठवण झाली, तुम्हीही अधूनमधून आमची काढत जा.
मीनाक्षी


नागपूर
१८ फेब्रुवारी २००७

चि. सौ. मीनाक्षीस आशीर्वाद.

आनंदाची बातमी. आमच्या शेजारचे मोरेश्वरराव ठोसर आणि वहिनी जूनमध्ये एडिसनला मुलाकडे, कुमारकडे, येत आहेत. मी त्यांना शब्द दिला आहे की आमची कादंबरी तुम्हाला स्वतःच्या हाताने विमानातून चक्कर मारून आणील. वहिनींनी त्यासाठी नवी साडी घेतली. मी मंडळात सांगितलं, वाचनालयात सांगितलं, भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. तेव्हा अरुणला म्हणावं, माझी पत सांभाळ.

ठोसरांबरोबर तिळाच्या वड्या आणि अरुणला एक शर्ट पाठवते आहे.

जीव लावून आहे, तो तुम्हीही लावाच.
पद्मिनीताई


पार्सिपनी
२४ जून २००७

ती. ताईंना सा. न. वि. वि.

ठोसरांकडून तुमच्या कानावर पडायच्या आत मी लिहिलेलं बरं.

गेल्या शनिवारी कुमारने दोघांना विमानतळावर आणलं. लख्ख ऊन, वहिनी नव्या साडीत, हे तुमच्या नव्या शर्टात. कादंबरीने सगळ्यांना वजन विचारलं, कारण चार जणांच्या विमानात ते पाहावंच लागतं. वहिनींनी बावन्न किलो सांगितलं. कादंबरीने त्यांच्याकडे अगदी प्रेमाने पाहिलं आणि सामानाचा काटा पुढे सरकवला. वहिनींनी आधी चपला काढल्या, मग पर्स, मग बांगड्या काढू का विचारलं. आकडा मी इथे लिहीत नाही, तुम्हाला त्यांच्या शेजारी राहायचं आहे. कादंबरी म्हणाली, बाबा खाली राहिले तर जमेल. यांना ते लागलं, पण पाहुण्यांसाठी गिळलं.

तेवढ्यात हवामानाचा नवा अंदाज आला. पश्चिमेकडून वादळी ढग येण्याची शक्यता होती. कादंबरीने वाचलं आणि सांगितलं की आज जायचं नाही. यांनी तिला बाहेर नेऊन आकाश दाखवलं. ढगाचा ठिपका नव्हता. हे म्हणाले, माणसं नागपूरहून आली आहेत, ताईने शब्द दिला आहे, दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतं. ती नाहीच म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत यांचा आवाज चढला. म्हणाले, मी तुझा बाप आहे, मी सांगतो आहे, चल. ती शांतपणे म्हणाली, येस बाबा, अँड नॉट टुडे. आणि वहिनींना कॉफीत साखर किती ते विचारलं.

मध्ये कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं, पण तिथे आमच्याशिवाय एकच माणूस होता, पांढऱ्या मिशांचा एक पायलट, आपल्या साहेबांची वाट बघत पेपर वाचणारा. त्याने वहिनींना खुर्ची दिली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

त्यातून वादळ आलंच नाही. उत्तरेकडून निघून गेलं म्हणे. संध्याकाळपर्यंत ऊन होतं आणि हे मला दर तासाला खिडकीपाशी बोलावून ते दाखवत होते. या आठवड्यात शिकायला गेले नाहीत. मी पुन्हा दुभाषी.

ताई, तुमचा शब्द गेला याचं मला वाईट वाटतं. पण चूक कोणाची ते मला ठरवता येत नाही. तुम्हीच सांगा.

रागावलात तरी चालेल, परकं करू नका.
मीनाक्षी


नागपूर
२२ जुलै २००७

चि. सौ. मीनाक्षीस आशीर्वाद.

ठोसर परत आले. वहिनी सगळ्यांना वादळाची हकिगत सांगतात, ते रोज थोडं मोठं होतं आहे. काट्याचा उल्लेख नाही.

पहिले दोन दिवस मला राग आला, खोटं कशाला सांगू. वाचनालयात तोंड लपवून गेले. मग वाटलं, मी इतकी वर्षं मुख्याध्यापिका होते, हो म्हणणारे पोत्याने भेटले. नाही म्हणणारे दोनच, आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. शब्द मी दिला होता, विमान तिच्या हातात होतं. अरुणला हे वाचून दाखव आणि म्हणावं, मुकाट्याने वर्गात जाऊन बस.

तिला माझा गोड पापा.
पद्मिनीताई


पार्सिपनी
३० सप्टेंबर २००७

ती. ताईस अरुणचा शि. सा. न.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. ऑफिसात मेमो लिहितो, त्याचा वास आला तर पोटात घाल.

तुझा निरोप मीनाक्षीने दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी वर्गात गेलो. कादंबरी जणू काही झालंच नाही अशी म्हणाली, बाबा, टाचा जमिनीवर.

आता मुख्य बातमी. तिला नोकरी लागली. ओहायोतल्या एका कंपनीचं जेट आहे, त्यावर सहवैमानिक. कोलंबसजवळ डब्लिनला घर घेतलं आहे, उद्या निघते. सुरुवातीला साहेबांच्या बॅगा चढवणं, कॉफी, बर्फ आणि विमानातलं स्वच्छतागृह साफ करणं हेही तिच्याकडेच. मी काही बोलणार होतो, पण मीनाक्षी म्हणाली की निदान कुठलं तरी स्वच्छतागृह ती साफ करेल.

ही नोकरी कशी लागली ते तुला कळलं पाहिजे. त्या दिवशी पेपर वाचणारा पांढऱ्या मिशांचा माणूस म्हणजे या ओहायोच्या कंपनीचाच मुख्य वैमानिक, हॅलोरन. त्याला मराठीचं अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मला भेटला तेव्हा म्हणाला की विमान चालवणारे पुष्कळ मिळतात. त्याच्या साहेबांनाही दर आठवड्याला 'मी सांगतो आहे, चल' म्हणायची सवय आहे. त्यांना नाही म्हणून वर कॉफी विचारणारं माणूस तो वर्षभर शोधत होता. मी म्हटलं, पण वादळ तर आलंच नाही. तो म्हणाला, पाऊस पडल्यावर नाही कोणीही म्हणेल.

ताई, त्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो त्याची मला लाज वाटते. आणि ओरडलो नसतो तर तिला नोकरी लागली नसती, हेही आहे. यातलं कुठलं धरायचं ते तू ठरव.

आज सकाळी शेवटचा वर्ग होता. तीन चकरा झाल्यावर तिने विमान थांबवायला लावलं, दार उघडलं आणि खाली उतरली. म्हणाली, आता तुम्ही एकटे जा. मी तोंड उघडलं, तर म्हणाली, बाबा, का म्हणून विचारू नका. ती नसल्यामुळे विमान हलकं झालं आणि माझ्या अंदाजाच्या आधीच उडालं. शेजारची खुर्ची रिकामी. उतरताना टाचा जमिनीवर असं कोणीतरी बोललं, तो मीच होतो. टायर शाबूत आहेत. पोरगी बाहेर दगडासारखी शांत उभी होती, इतका विश्वास मी तिच्यावर गाडी शिकवताना दाखवला नव्हता.

पहिल्यांदा एकटं उडणाऱ्याच्या शर्टाची पाठ कापायचा इथे रिवाज आहे. शर्ट तू पाठवलेला होता. तुकडा तिने डब्लिनला न्यायच्या बॅगेत ठेवला.

तुझ्या धाकाचा हात डोक्यावर राहू दे.
अरुण

ता. क. ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून चोरून लिहिते. यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, पोरगी शांत उभी होती तेवढं सोडून. मी तिच्या शेजारी होते. तोंडातून शब्द नाही, चेहरा अगदी स्वस्थ. पण विमान खाली यायला लागलं तसा तिचा उजवा पाय गवतात दाबला जायला लागला. चाकं टेकून विमान थांबेपर्यंत बूट मातीत रुतला होता. मी तिला काही बोलले नाही. यांनाही सांगितलेलं नाही. नसलेला ब्रेक या घरात आपण एकटेच दाबतो, असं त्यांना अजून वाटतं.
मीनाक्षी