नानायच्या बातमीला दचकायचं कसं

लिलिव, ऑक्टोबर

तीर्थस्वरूप फेलिसाताई यांस,

तुमचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतो. (हात मिलानोत आणि कपाळ लिलिवमध्ये, तेव्हा मनानंच लावला आहे.) तुमची तब्येत ठीक असेल, तुम्ही जिची सेवा करता त्या म्हातारीचे गुडघे ठीक असतील आणि तिकडची थंडी अजून तुमच्या हाडांत शिरली नसेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलंय, तुमची आई बरी आहे आणि मी होतो तसाच आहे. म्हणजे बरा नाही, पण ती काही बातमी नव्हे.

बातमीचंच सांगायचं आहे. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी लुमेन, गेल्यापासून या घरात मी आणि नानाय, जावई आणि सासू, असे दोघंच उरलो. नानायला कुणाला तरी बातमी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हल्ली सकाळचं दुपारी तिच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे एकच बातमी तिला रोज ताजी असते. शेजारच्या डुकरिणीला पिल्लं झाली, ही बातमी मी पावसाळाभर ऐकतो आहे. (पिल्लं मोठी होऊन विकलीसुद्धा गेली.) लुमेन दर वेळी छातीवर हात मारून "नाकू!" म्हणायची आणि नानाय खुशीत आणखी एक वाटी पेज मागायची. माझं म्हणाल तर जन्म गेला शववाहिनी चालवण्यात. मागच्या प्रवाशानं मला कधी नवीन काही सांगितलं नाही, आणि पुढच्या सीटवरच्या नातेवाइकांसमोर चेहरा दगडासारखा ठेवायचा मला पगार मिळायचा. तेव्हा डुकरिणीला पिल्लं झाल्याचं कळल्यावर मी "बरं" म्हणालो. नानायनं चमचा खाली ठेवला. "तुला सांगण्यापेक्षा मी खांबाला सांगेन," म्हणाली. "भूकंपात तो निदान हलतो तरी!" आणि त्या दिवसापासून तिचं जेवण निम्म्यावर आलं.

मग काय, या वयात शिकवणी लावली. कोपऱ्यावरच्या दुकानातली बेलेनमावशी सगळ्या गल्लीत दचकण्यात एक नंबर. ती जाळीच्या आत, मी जाळीबाहेर उन्हात. तिचं म्हणणं, "नाकू" पोटातून यायला हवं, त्यात काळजी पाहिजे. "हाला" म्हणताना डोळे मोठे करायचे, समोरच्याचं आता काही खरं नाही अशा बेतानं. "अबा" शाबासकीच्या दचकण्याला राखून ठेवायचं, पोरगं पास झालं, लॉटरी लागली, असल्या प्रसंगाला. आणि "सुस्मार्योसेप" जपून वापरायचं, कारण त्यात येशू, मारिया आणि जोसेफ तिघांनाही एका दमात कामावरून उठवावं लागतं. मी सगळं करून दाखवलं. "अरे अन्सेल्मो, तुझी दाढ दुखतेय का?" बेलेनमावशी म्हणाली. "तू ज्यांना पोचवून आलास ना, ते तुझ्यापेक्षा बरे दचकले असते!" व्हिनेगर घ्यायला आलेल्या बाया आपलं काम विसरून मला सुधारायला लागल्या, आणि रिक्षावाले रिक्षा थांबवून "हाला, दादा, हाला!" करायला लागले. माणसानं अब्रू तरी किती वेळा गहाण टाकावी!

त्यातच पलीकडच्या गल्लीतले तेबानकाका वारले. दुपारी भेटायला गेलो. मयत बैठकीत, बाहेर पत्त्यांचा डाव, बिस्किटं, कॉफी, सगळं रीतीप्रमाणे. सेपाकाकू येईल त्याला पहिल्यापासून सांगत होत्या, की काका उठले, अंगण झाडलं, कॉफी प्यायले, "आज कॉफी झकास झालीये" म्हणाले आणि गेले. सगळे "नाकू" म्हणाले. मला वाटलं, शिकलेलं वापरायची हीच वेळ. शिकवणीतलं सगळं एकदम तोंडाशी आलं आणि मी टाळी वाजवून मोठ्यानं म्हणालो, "अबा!" जणू काकांनी बोर्डात नंबर काढला होता. पत्ते थांबले. सेपाकाकू उठल्या, माझा दंड धरला आणि मला थेट फाटकापर्यंत पोचवून आल्या. मयताच्या घरचं माणूस पाहुण्याला कधी पोचवत नाही, कारण पोचवलेला पाहुणा मयताच्या मागोमाग निघतो, हे मी तुम्हाला काय सांगावं! त्यातून मयताच्या घरून निघालं की वाटेत कुठं तरी टेकायचं असतं, नाहीतर मयत सोबत घरी येतो; लाजेपायी मी कुठं न टेकता सरळ घरी आलो, त्यामुळे तेबानकाकाही बहुधा माझ्यासोबत आले असावेत. तेव्हापासून छप्पर दुसऱ्या कोपऱ्यातही गळतं.

पण खोटं कशाला बोलू, शिकवणी फुकट गेली नाही. कोंबड्यांसमोर सराव केला आणि एका सकाळी डुकरिणीच्या पिल्लांवर असा काही "नाकू" काढला, की नानायनं अख्खी वाटी पेज आणि वर सुका मासा खाल्ला. "लुमेनसारखं नाही, पण चालेल," म्हणाली. मी चुलीमागं जाऊन रडलो. पुढचे काही दिवस या घरात दोन माणसं राहतात असं वाटत होतं.

मग गेल्या आठवड्यात शेजारच्या रेडिओवर ख्रिसमसची गाणी लागली होती. (ती सप्टेंबरपासूनच लागतात.) नानायनं माझा हात धरला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "फेलिसा येतेय. ख्रिसमसला." ताई, एवढी मोठी बातमी तिनं आजवर दिली नव्हती. मी जेवढं होतं तेवढं ओतलं, नाकू, हाला, सुस्मार्योसेप, सगळं एकापाठोपाठ, आणि उठताना खुर्चीही पाडली. नानायनं आडवी खुर्ची बघितली, मला बघितलं. मग म्हणाली, "एवढं दचकायला काय झालं? यायची नव्हती का ती?"

तिथं नुसतं "बरं" म्हणायचं होतं. जन्मभर मला तेवढंच येत होतं, आणि लागलं तेव्हा आठवलं नाही.

बाकीचं सगळं ती विसरते, हे मात्र विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं एकही बातमी सांगितलेली नाही. डुकरिणीचीसुद्धा नाही. मी आपणहून विचारलं, तर म्हणते, "काही नाही."

असो. तुम्ही काळजी करू नये. तुम्हाला रजा मिळत नाही हे आम्ही जाणतो. लोभ आहेच, तो वाढवायला तुमच्यापाशी वेळ नाही हेही जाणतो.

तुमचा बहीणजावई,
अन्सेल्मो

ता. क. तिकडून सामानाची पेटी पाठवणार असाल तर साबण घालू नका. मागचे तसेच पडून आहेत. नानाय कुणाला हात लावू देत नाही, फेलिसा आली की काढू म्हणते.

आणखी ता. क. वर तुमची आई बरी आहे असं लिहिलं आहे, ते रीत म्हणून. ती बरी नाही. पेजेचे दोन-तीन चमचे कसेबसे जातात. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. मी ख्रिसमसचं बोललो, तर त्या म्हणाल्या, ख्रिसमस फार लांब आहे.

शेवटचं. तेव्हा ख्रिसमसची वाट बघू नका. आत्ता या. आणि येताय असं कळवू नका, कळवलंत तर मला ते तिला सांगावं लागेल आणि माझ्या तोंडावर तिचा आता विश्वास नाही. तुम्ही नुसत्या दारात येऊन उभ्या राहा. काय म्हणायचं ते तिला शिकवावं लागणार नाही.