ज्याची चिठ्ठी त्याच्याच कपड्याला

प्रिय युनूसचाचा,

सलाम. तुम्ही जाऊन महिना झाला आणि मी पत्र आज लिहितेय, कारण काल चाचींनी माझा ब्लाऊज परत दिला. जयंतीला नेसायच्या पांढऱ्या साडीवरचा, तुमच्याकडे शिवायला टाकलेला. शिवून झाला होता, फक्त हूक राहिले होते. त्याला टाचलेली चिठ्ठी वाचली आणि मी दुकानाच्या पायरीवरच बसले. चाचींना वाटलं, ऊन लागलं.

उद्या पंचायत समितीत तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. त्यात एक तास माझा. विषय कोणता असेल सांगा बरं? रिलेटिव्ह क्लॉज! हू, विच, दॅट आणि त्यांचा सगळा गोतावळा. वरून आलेल्या पुस्तिकेत नियमांचा मोठा तक्ता आहे. तो मी बाजूला ठेवलाय. हे कसं शिकवायचं ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि कुठून ठाऊक झालं तेही.

आई तुमच्या दुकानाची काज-बटणं घरी करायची आणि शाळा सुटली की तो गठ्ठा मी आणून द्यायचे. बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून मशीनवर बसलेला टेलर माझी इंग्रजीची वही तपासतो, याचं मला तेव्हा कौतुक नव्हतं, वैतागच होता. आठवीत मी लिहिलं होतं, 'आय गेव्ह द शर्ट टू माय अंकल विच वॉज टोर्न.' तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात.

"काहून वो, काकाच फाटला का?"

"शर्ट फाटला, चाचा."

"मंग हे विच काकाच्या अंगाले कायले टाचलं? कपडा इथं अन् चिठ्ठी तिथं? उचल तिले अन् शर्टाच्या बाजूले लाव."

बेतलेल्या प्रत्येक कपड्याला तुम्ही नाव-मापाची चिठ्ठी टाचायचा, त्यामुळे मला लगेच कळलं. 'आय गेव्ह माय अंकल द शर्ट विच वॉज टोर्न.' काका वाचले.

माणसाला हू, वस्तूला विच, हेही तुम्हीच सांगितलंत. मी विचारलं, अन् बकरीले? तुम्ही दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, "बकरीले विच. पन घरात वाढवली असन तर हू म्हन. मी मार्क कापत नाही."

आणि स्वल्पविराम! हू-विचचा जो तुकडा काढला तर वाक्य कोणाबद्दल आहे तेच कळत नाही, ती बाही. तिथे स्वल्पविराम द्यायचा नाही. जो काढला तरी कळतं, ती लेस. तिला दोन्हीकडून स्वल्पविरामाचा टाका घालायचा. "बाही काढली तं सदरा बाद," म्हणायचात. अख्ख्या डी.एड.मध्ये मला हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं नाही.

त्याच वर्षी माझ्या हातून गठ्ठा सुटला होता, आठवतं? चिठ्ठ्या निघाल्या आणि ओरडा बसू नये म्हणून मी त्या अंदाजानं परत टाचल्या. आसेगावच्या नवरदेवाची पँट पोटरीपाशीच संपली आणि आमच्या बुटक्या मुख्याध्यापकांची पँट रस्ता झाडत राहिली. दोघंही एकाच वेळी दुकानात येऊन उभे. मी कापडाच्या ताग्यामागे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गलती माझी हाये," म्हणालात. "देऊन टाकतो नीट करून."

त्यानंतर माझ्या कपड्याच्या चिठ्ठीवर तुम्ही नाव लिहिणंच सोडलंत. 'द गर्ल हू मिक्स्ड अप द चिट्स.' पुढे 'द गर्ल हू इज अफ्रेड ऑफ मॅथ्स.' वाचून अर्थ सांगितल्याशिवाय कपडा हातात मिळायचा नाही. किती राग यायचा मला!

आणि एवढं सगळं घेऊन मी काय केलं? तालुक्याची मार्गदर्शक म्हणून निवड झाली, सत्कार झाला. तुम्ही इस्त्रीचा पठाणी घालून तिसऱ्या रांगेत बसला होता. निवेदकानं विचारलं, मॅडम, तुमच्या इंग्रजीमागे कोणाचा हात? मी अमरावतीच्या कोचिंग क्लासचं नाव घेतलं. दोन महिने गेले होते तिथे, तेही पंख्याखाली डुलक्या काढायला. समोर साहेब लोक होते, टेलर म्हणायला माझी जीभ रेटली नाही. लाज वाटली, चाचा. तुमची नाही म्हणून स्वतःला कितीही समजावलं, तरी तुमचीच वाटली. माझ्या गोष्टीतली बाही होता तुम्ही, आणि मी तुम्हाला लेस समजून काढून टाकलं.

तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बाहेर भेटलात तेव्हा एवढंच विचारलंत, "चहा घेतला का, बेटा?" रागवायचं तरी होतं! माफी मागायला उद्या जाईन, परवा जाईन करत मी सहा महिने काढले. ब्लाऊज टाकायला आले तेव्हाही फक्त गळ्याचं माप बोलले. हे मात्र तुमचं चुकलं, चाचा. इतकं चुपचाप जायचं नसतं.

आता ती चिठ्ठी. तुमचं तेच तिरकं अक्षर. 'द टीचर हू वॉज माय स्टुडंट.'

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं, लागलंही होतं, आणि तरी मला टीचर म्हणालात. कालपासून मी ती चिठ्ठी किती वेळा वाचली असेल! अर्थ सांगितल्याशिवाय कपडा मिळत नाही ना? मग ऐका. त्या गठ्ठ्याच्या दिवशी तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत, आणि मी तुमचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर टाचलं. चिठ्ठी चुकीच्या कपड्याला लागली. ती काढून नीट लावायची आहे.

आईनं काल हूक लावून दिले. तो ब्लाऊज घालून मी उद्या उभी राहणार आहे आणि फळ्यावर पहिलं वाक्य लिहिणार आहे, 'द मॅन हू टॉट मी इंग्लिश वॉज अ टेलर इन मंगरूळपीर.' मग मागे वळून सगळ्यांना त्या माणसाचं नाव सांगेन. साहेब पहिल्या रांगेत असले तरी, आणि असले तर जरा मोठ्यानंच. हा शब्द देते.

तुमची,
आसेगावच्या नवरदेवाला मुख्याध्यापकांची पँट पाठवणारी,
वैशाली