गाळलेलं रक्त

४ फेब्रुवारी
खोटं बोललो. तेही दोन्ही हातांत सुया असताना.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भावंडं किती?" म्हणालो, "कोणी नाही. एकटाच."

त्यांनी माझ्या कोपरावरच्या पिवळ्या गाठी पुन्हा चाचपल्या. "रक्तातली ही चरबी खाण्यापिण्यानं वाढलेली नाही. जन्मापासूनचं आहे. घरात आणखी कोणाला असेल तर आत्ताच कळलेलं बरं, म्हणून विचारते."

छोटी आहे की. सख्खी धाकटी बहीण. जागी असेपर्यंत तोंड बंद नसतं तिचं. आणि मी एका शब्दात तिला पुसून टाकली.

तिला तपासा म्हणायचं तर आईला कळणार मी आजारी आहे. बाबा जिन्यात दम खायला बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आई माझ्या शिंकेलाही घाबरते. लगेच म्हणणार, ये परत. आणि मला गावी परत जायचं नाही. तिथे बसून बसून माझा जीव गुदमरतो. इथे शहरात लोकांचं सामान हलवायचं काम, रोज नवं घर, नवा जिना, नवी माणसं.

५ फेब्रुवारी
यंत्राचं लिहून ठेवतो. एका हातातून रक्त बाहेर, दुसऱ्या हातातून आत. मधे यंत्र. ते रक्तातलं पिवळं पाणी वेगळं काढतं, त्यातली चरबी गाळणीत अडकवतं, आणि बाकीचं माझं मला परत देतं. शेवटी गाळणी बघितली. दाट, पिवळट. हे माझ्यात फिरत होतं!

१० फेब्रुवारी
आज कपाट घेऊन चौथ्या मजल्यावर चढलो. मधे एकदाही टेकलो नाही. घोट्याची सूज उतरलीय, हाडं दिसायला लागलीत. मुकादम म्हणाला, "काय रे, पाय बदलून आणलेस का?"

हसलो. मग छोटी आठवली, आणि दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

१५ फेब्रुवारी
छोटीचा फोन. म्हणे, "दादा, टाच दुखते रे. मागे काहीतरी टणक आलंय. बूट घातला की जीव जातो."

माझ्याही टाचेला तसंच झालं होतं. पहिल्यांदा टाचच दुखली होती.

काय म्हणालो मी? "बूट बदल."

१८ फेब्रुवारी
यंत्राची दुसरी खेप. घोट्याची सूज कशी उतरली ते डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चरबी नसांच्या आत रुतते, टाचेमागच्या दोरीतही, शरीर तिच्याशी भांडतं, त्या भांडणाची सूज येते. घोट्याची दिसते, आतली दिसत नाही. यंत्र चरबी काढतं, तिच्याबरोबर सूज आणणारंही बरंच काही निघून जातं. "पण हुरळून जाऊ नका. पुन्हा भरतं. पुन्हा यावं लागणार."

मला आपलं छोटीचंच दिसत होतं. तिचं कोण गाळतंय?

तेवढ्यात तिचाच फोन. माझ्या हातांत सुया, म्हणून नर्सनं स्पीकरवर लावून दिला. शेजारच्या खुर्चीत मागच्या खेपेसारखेच रिटायर झालेले पोस्टमनकाका, त्यांच्याही हातांत सुया. फोन बंद झाला तसे म्हणाले, "एकुलता एक ना तू? मग तुला दादा म्हणणारी ही कोण?"

म्हणालो, "शेजारची."

"शेजारची असून आईची तक्रार तुझ्याकडे करते? चांगला शेजार आहे." मग मान वळवून म्हणाले, "माझ्या दोन्ही पोरांना मी ओढत नेऊन रक्त तपासायला लावलं. वर्षभर बोलत नव्हती माझ्याशी. आता बोलतात. भांडायला का होईना."

१९ फेब्रुवारी
कामावर आरसा फोडला. लक्षच नव्हतं.

२० फेब्रुवारी
सुट्टी टाकून दवाखान्यात गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं, "मला बहीण आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग इतके दिवस?" त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. नुसतं म्हणाल्या, "आजच घरी फोन करा. आणि आईलाही तपासायला सांगा. तुमच्याइतकं वाढलेलं असलं की ते बहुतेक आई-वडील दोघांकडून आलेलं असतं."

ऐकलं. पण डोक्यात छोटीची टाच.

संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणून मेल्या फोनवर घाईघाईनं बोलत होतास."

मी वाट बघत होतो, आता म्हणेल, ये परत.

"ते यंत्र तिथे आहे ना? मग तिथून हलायचं नाही. हललास तर तंगडं मोडीन." मागून छोटी ओरडली, "आधीच सुजलंय ते, सोप्पं जाईल मोडायला!"

याच बाईला घाबरून मी पोरीचा जीव टांगणीला लावला.

२४ फेब्रुवारी
दोघींनी तपासायला रक्त दिलं. छोटी आईला धरून रडली म्हणे, सुईच्या भीतीनं. निकाल तीन दिवसांनी. मुकादमानं आज दोनदा हाक मारली, ऐकूच आली नाही.

२७ फेब्रुवारी
छोटीचं रक्त स्वच्छ. टाचेला बुटाचा घट्टा आहे, बाकी काही नाही.

आईचं वाढलेलं आहे. हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, मग नसांत रंग सोडून फोटो काढला. हृदयाची एक नस अरुंद झालीय. उद्या दाखल करून घेताहेत. जिना चढताना दम लागायचा म्हणे. कधीपासून, ते सांगत नाही.

फोनवर आई बराच वेळ छोटीच्या टाचेबद्दल बोलली. मग हळूच विचारलं, "माझ्याकडून आलं का रे तुला हे?"

"नाही गं. बाबांकडून."

"गेलेल्या माणसावर ढकलतोस होय?"

"त्यांना चालतं," म्हणालो.