पाचवा फाउल

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, सकाळ

प्रिय अनू,

रोज फोनवर बोलणारा बाप एकाएकी कागद घेऊन बसला म्हणून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. माझी शुगर काबूत आहे, आई ठणठणीत आहे, आणि साऱ्या पारा-मोहल्ल्यात सध्या तुझंच नाव चालू आहे. आईने मागच्या रविवारी पंडरीच्या बाजारातून केशरी कापडाचा अख्खा तागा आणला. तुमच्या टीमचा रंग म्हणे. त्याच्या ओढण्या शिवून कॉलोनीतल्या बायकांना वाटणार आणि तुझी पहिली मॅच सगळ्यांनी आपल्या घरी टीव्हीवर बघायची, असा बेत आहे. मी विचारलं, एवढ्या ओढण्या काहून? तर म्हणाली, “सेमीफायनललेही नवीन लोक येतीनच ना!” बास्केटबॉल लीग सुरू व्हायला अजून बारा दिवस आहेत आणि तुझी आई सेमीफायनलला पोचलीसुद्धा.

तिला हसतो, पण मीही काही वेगळा नाही. यंदा कोणत्या पाच खेळाडू गाजतील अशी यादी एका वेबसाइटवर आली, ती शेजारच्या नीलिमाताईंनी मला पाठवली. मी ती इतक्या जणांना पाठवली की शेवटी ती फिरून माझ्याकडेच आली. तुझी जोडीदार निधी तिसरी, तू चौथी. मला विचारलं असतं तर मी तुला वर ठेवलं असतं, पण हे तिला सांगू नकोस. दिवाळीत तुझ्याबरोबर आली होती तेव्हा तिने आईच्या हातचे अनारसे ज्या भक्तीने खाल्ले, तेव्हापासून आई तिला दुसरी मुलगीच मानते. एवढी सहा फुटांची पोरगी, पण स्वयंपाकघरात पाटावर बसून खायची.

तुमचे चारही सराव सामने मी मोबाइलवर पाहिले. जुन्या सवयीप्रमाणे वही घेऊन. मागचे दोन हंगाम तू हैदराबादला बाकावरच जास्त होतीस, खांद्यावर टॉवेल टाकून. तेव्हा लोक मला विचारायचे, मुलगी खेळत का नाही? मी म्हणायचो, पोट्टी बसून नाही राहिली, शिकून राहिली. ते आता दिसतंय. तू डावीकडून बॉल घेऊन येतेस, निधी मध्ये येऊन भिंतीसारखी उभी राहते, तुझ्या मागे धावणारी तिच्यावर आपटते, आणि मग तुम्हा दोघींना अडवायला एकच पोरगी उरते. ती तुझ्याकडे वळली की बॉल निधीकडे. निधीकडे वळली की तू सरळ बास्केटखाली. दुसऱ्या सामन्यात हे सात वेळा झालं आणि त्यातून सहा वेळा पॉइंट आले. मागच्या वर्षी तू पास देण्याआधी निधीकडे बघायचीस, आता बघत नाहीस. ती कुठे असेल ते तुला ठाऊक असतं. अनू, मी तीस वर्षं पंचगिरी केलेला माणूस आहे. ज्या खेळाडूचं वर्ष आलेलं असतं ती नुसती मैदानावर चालत आली तरी कळतं. तुझं वर्ष आलंय. हे मी बाप म्हणून लिहीत नाही.

पण पंच म्हणून पाहिलं तर एक गोष्ट खटकली, तीही लिहायला हवी. तिसऱ्या सामन्यात तुझे तीन फाउल झाले होते. त्यांची ती नऊ नंबरची उंच मुलगी उजवीकडून घुसली. तू तिच्या आधी पोचली होतीस. पाय बरोबर पडले होते, उडीही वेळेवर होती. आणि ऐन वेळी तू हात मागे घेतलास, गरम तव्याला लागल्यासारखा. तिने आरामात बॉल टाकला. मी तेवढा तुकडा मागे नेऊन पाच वेळा पाहिला. मग मागच्या दोन वर्षांच्या मॅचेस काढल्या. दर वेळी तेच. तिसरा फाउल झाला की तुझे हात तुझे राहत नाहीत. तुमचे कोच मुलाखतीत त्याला समजूतदारपणा म्हणाले. त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे तो काय आहे आणि कुठून आला.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरची ती मॅच आपण घरात कधी बोलत नाही. बाहेर मात्र मी ती शंभर वेळा सांगितली. ज्युनियरची फायनल, राज्याच्या निवड समितीचे तिघं पहिल्या रांगेत, आणि त्यातून निवड झाली की स्पोर्ट्स हॉस्टेलची जागा. तू सतरा वर्षांची. बाहेरून येणाऱ्या पंचाची गाडी रखडली आणि आयोजक माझ्याकडे आले. मी नको म्हटलं. मुलगी खेळते, बरं दिसत नाही. तेव्हा समोरच्या टीमचे मॅनेजर रामकृष्णजी स्वतः म्हणाले, “अनंतराव जी हैं तो हमें कोई चिंता नहीं।” त्या एका वाक्याने मी इतका फुललो की शिटी गळ्यात अडकवून उभा राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही पुढे गेलात तशी मागच्या पायऱ्यांवरून पोरं ओरडू लागली, “बाप-बेटी का मैच है!” आधी दोघं-तिघं, मग अख्खी बाजू. दोन मिनिटं उरली होती. तुम्ही एका पॉइंटने पुढे. तुझे चार फाउल, म्हणजे आणखी एक झाला की बाहेर. त्यांची मुलगी बास्केटकडे उडाली, तू बाजूने येऊन हात घातलास, आणि मी शिटी वाजवली. पाचवा फाउल.

तू माझ्याकडे पाहिलंस. मीच लहानपणापासून शिकवलं होतं तसा हात वर केलास आणि बाकावर जाऊन बसलीस. त्यांच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो टाकले. तुम्ही एका पॉइंटने हरलात. तुझ्या जागेवर दुसरीची निवड झाली.

पुढे काय झालं ते तुला सांगायला नको. तू वर्षभर उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या रोलिंग मिलच्या ऑफिसात नोंदी करत बसलीस. ट्रकच्या धुळीतून जायचं आणि यायचं, आणि त्याआधी पहाटे रेल्वेच्या ग्राउंडवर एकटीने दोनशे शॉट. पुढच्या वर्षी नागपूरच्या खुल्या चाचणीत तू स्वतःच्या पायांवर निवडून आलीस. मी मात्र त्या वर्षभरात मोठा माणूस झालो. आपल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. स्वतःच्या मुलीला मैदानाबाहेर काढणारा पंच! मंडळाच्या वासुदेव काकांनी भाषणात डोळे पुसले. तू तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. लग्नात, बारशात, रेल्वेतल्या मित्रांच्या निरोप समारंभात कोणी ना कोणी म्हणायचंच, अनंतराव, तो किस्सा होऊन जाऊ द्या. मी सांगायचो. शेवटी जोडायचो, त्या एका वर्षानेच तर माझ्या पोरीला घडवलं. आता लिहिताना लाज वाटते. ते वर्ष तुझ्याकडून गेलं, आणि त्याचा मोठेपणा मी घेतला.

गेल्या गुरुवारी निवेदिता नावाची एक मुलगी घरी आली. खेळाच्या बातम्यांचं चॅनेल आहे तिचं, इथलीच आहे, मराठी कळतं पण बोलते हिंदी. तुझ्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी तुझ्यावर दहा मिनिटांची फिल्म दाखवणार आहेत. तुझे लहानपणचे फोटो घेतले, आईला बोलतं केलं, मग कॅमेरा माझ्याकडे वळवून म्हणाली, “अंकल, अब वो पाँचवें फाउल वाली कहानी।” मी सवयीने सुरुवात केली. गाडी रखडली, रामकृष्णजी बोलले, पोरं ओरडली. सगळं ओळीने येत गेलं. तू उडी मारलीस इथपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. डोळ्यांसमोर तिसऱ्या सराव सामन्यातला तुझा तो मागे घेतलेला हात आला. मग मी जे बोललो ते सहा वर्षांत कोणाला बोललो नव्हतो. आई पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकून तिने बशा टेबलावर ठेवल्या आणि एवढंच विचारलं, “हे पोट्टीले सांगतलं का?” मी नाही म्हणून मान हलवली. “मंग टीव्हीवाल्याइले काहून सांगून राहिले? पहिले तिले सांगा.” निवेदिताने कॅमेरा बंद केला. अनू दीदी हो म्हणेपर्यंत हा भाग दाखवणार नाही, असं मला कबूल केलं. “हव अंकल, पक्का,” म्हणाली आणि पोहे खाऊन गेली. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते.

म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच “जाऊ द्या ना बाबा” म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. अनू, तो फाउल नव्हता. तुझा हात बॉलवर पडला होता, मनगटावर नाही. दोन्हींचा आवाज वेगळा असतो आणि मी तीन पावलांवर होतो. मला तो स्पष्ट ऐकू आला. नजरचूक झाली असती तर मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, चूक कोणत्याही पंचाकडून होते. ही चूक नव्हती. त्या पायऱ्यांवरच्या ओरडण्याला मी घाबरलो. शिटी वाजवली नाही तर लोक मला काय म्हणतील, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुलाही माहीत होतं. तरी तू हात वर केलास, कारण बाबा चुकीची शिटी वाजवणार नाहीत यावर तुझा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास होता. तेव्हापासून तू त्या हाताला दोष देत आलीस, आणि मी देऊ दिला. मला माफ कर असं लिहिणार नाही, ते तू तुझ्या वेळेने ठरव. महिनाभर बोलली नाहीस तरी चालेल. फिल्ममध्ये हे दाखवायचं की नाही तेही तूच ठरव. मी सगळ्या रायपूरसमोर पुन्हा सांगायला तयार आहे. माझी एकच गोष्ट ऐक. हा हंगाम तुझा आहे, आणि तो अर्ध्या हातांनी खेळायचा नाही. तीन फाउल होवोत की चार, समोरून कोणी घुसली की पूर्ण उडी मार आणि हात वर जाऊ दे. शिटी वाजली तर ती वाजवणाऱ्याची. हात बरोबर आहे.

तुझाच,
बाबा