आतली चिटबटणं

गडमुडशिंगी, गुरुवार, संध्याकाळ

ग्राइंडरच्या थरथरीनं कामगारांचे हात बिघडलेत का, ते बघायला आज फौंड्रीत डॉक्टर आला. माझी बोटं सकाळी पांढरी पडतात, हाताला काही कळत नाही. शर्टाची बटणं लावता येत नाहीत म्हणून हिनं आतून नुसती दाबून लागणारी चिटबटणं शिवलीत. वरची बटणं नुसती शोभेला. हे कळलं तर काम जाणार.

आणि डॉक्टर नेमकं म्हणाला, "बटणं काढून परत लावा."

मी खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली, चिटबटणं पटापट दाबली.

"वा आजोबा!" डॉक्टर म्हणाला.

शेजारच्या मशिनवरच्या बशीरभाईला एक बटण लागेना. मुकादम ओरडला, "बायकूला आणायचं की संगट!" सगळे हसले. मीही. मी का हसलो? बशीरभाईला तिथूनच घरी पाठवला.

वाटलं, वाचलो. सुटताना मुकादमानं बशीरभाईचा मोठा ग्राइंडर माझ्यापुढं आणून ठेवला. "मामा, हात पास झाल्यात न्हवं? उद्यापास्नं ह्यो बी तुमचाच."

घरी हिनं विचारलं, "हात बरं हाईत म्हणला न्हवं डॉक्टर?"

व्हय म्हणालो. ती समोर बसून दुसऱ्या शर्टाला चिटबटणं शिवते आहे.